‘चार्ज’चा भार: एका इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ कसे ओळखावेत

वर्तमानपत्रात नोकरीला लागून मला जेमतेम महिना झाला होता. रात्रपाळी होती आणि वृत्तसंस्थेची दोन ओळींची इंग्रजी बातमी समोर होती: अमुक मंत्र्यांना ऊर्जा खात्याचा ‘ॲडिशनल चार्ज’ देण्यात आला आहे. मी झरझर मराठी केलं आणि मथळा ठोकला, ‘मंत्र्यांवर ऊर्जा खात्याचा अतिरिक्त आरोप’. पान सोडण्याआधी मुख्य उपसंपादकांची नजर पडली म्हणून वाचले. चष्मा कपाळावर सरकवून ते एवढंच म्हणाले, “अगं, त्यांना खातं मिळालंय, खटला नव्हे!”

पुढे मी अनुवादातच रमले. कामावर नव्याने येणारी मुलंमुली आजही याच शब्दाला ठेचकाळताना दिसतात. शब्द अनोळखी असता तर त्यांनी शब्दकोश उघडला असता. पण ‘चार्ज’ रोजचा आहे. फोन चार्जिंगला लावतो, मोर्चावर लाठीचार्ज होतो, हॉटेलवाला सर्व्हिस चार्ज लावतो, शाळेत कुणाकडे तरी मुख्याध्यापकाचा चार्ज असतो. त्यामुळे तो आपल्याला येतो असं वाटतं आणि डोक्यात आधी आलेला अर्थ वाक्यावर बसवला जातो. इंग्रजी वाचताना, लिहिताना, बोलताना तसं होऊ नये म्हणून मी नव्या मंडळींना जे सांगते, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी मूळ धरा

पहिली पायरी इतिहासाची आहे. कंटाळू नका, पुढची निम्मी मेहनत इथेच वाचते.

‘चार्ज’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी उत्तरकालीन लॅटिनमधलं एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ गाडीवर माल लादणं. जहाजावरचा ‘कार्गो’ आणि ‘कॅरी’ ही त्याचीच भावंडं. व्यंगचित्राला म्हणतात ते ‘कॅरिकेचर’सुद्धा याच घरातलं, कारण त्यात नाक-कान जरा जास्तच लादलेले असतात.

म्हणजे मूळ अर्थ एकच: भार टाकणे. आता मराठीकडे बघा. खुर्ची मिळाली की पदभार. काम सोपवलं की कार्यभार. तात्पुरता कारभार बघणारा प्रभारी. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला धनप्रभार आणि ऋणप्रभार. ‘सरचार्ज’ला अधिभार. सभेत वक्ता बोलायला उभा राहतो आणि वातावरण भारलेलं असतं. मांत्रिक लिंबू भारून देतो. लॅटिन बोलणाऱ्यांनी गाडीवर ठेवलेलं ओझं आपणही ‘भार’ याच शब्दाने उचललेलं आहे. काही जोड्या परिभाषा ठरवणाऱ्यांनी मुद्दाम जुळवल्या असतील, पण लिंबू भारणाऱ्याने इंग्रजी शब्दकोश पाहिला नसणार.

तर ‘चार्ज’ दिसला की स्वतःला विचारा: इथे कुणावर काय लादलंय? गिऱ्हाइकावर पैसे, आरोपीवर गुन्हा, अधिकाऱ्यावर जबाबदारी, बॅटरीत वीज, जमिनीवर कर्ज. उत्तर मिळालं की मराठी शब्द आपोआप सुचतो.

मग शब्दाचे शेजारी बघा

दुसरी पायरी व्याकरणाची, आणि ती अगदी छोटी आहे. ‘चार्ज’च्या पुढे कोणतं शब्दयोगी अव्यय आलंय ते पाहायचं.

पुढे ‘फॉर’ आला किंवा थेट रुपयांचा आकडा आला तर मामला पैशांचा. ‘दे चार्ज्ड मी फाइव्ह हंड्रेड’ म्हणजे माझ्याकडून पाचशे घेतले.

पुढे ‘ॲट’ आला तर कुणीतरी अंगावर धावून आलंय. ‘द बुल चार्ज्ड ॲट हिम’, बैल त्याच्या अंगावर आला.

पुढे ‘ऑफ’ आणि मागे ‘इन’ असेल तर जबाबदारी. याबद्दल पुढे सविस्तर, कारण यात एक मोठा खड्डा आहे.

‘टु’ आला तर रक्कम कुणाच्या तरी खात्यावर टाकलीय. हॉटेलात ‘चार्ज इट टु माय रूम’ म्हणजे बिल माझ्या खोलीच्या हिशेबात लिहा.

सगळ्यात लबाड म्हणजे ‘विथ’. ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’ असेल तर चोरीचा आरोप. ‘चार्ज्ड विथ द टास्क’ असेल तर काम सोपवलंय. ‘चार्ज्ड विथ इमोशन’ असेल तर भावनेने ओथंबलेलं. इथे नुसता ‘विथ’ पाहून भागत नाही, त्याच्या पुढचं नाम वाचावं लागतं. नाम गुन्ह्याचं की कामाचं की भावनेचं, एवढं पाहिलं की झालं. तीनही ठिकाणी भार आहेच, फक्त ओझं बदललंय.

पैशांचा चार्ज: इथे घाई नको

रोजच्या वापरात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. अर्थ समजायला अडचण नसते, पण समानार्थी म्हणून जे शब्द आपण एकमेकांच्या जागी फेकतो ते तसे एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

‘चार्ज’ म्हणजे एखाद्या सेवेसाठी लावलेली रक्कम. ‘फी’ म्हणजे जाणकाराला किंवा संस्थेला दिलेली: डॉक्टरांची, वकिलांची, परीक्षेची. ‘फेअर’ प्रवासाचं भाडं. ‘रेंट’ घराचं किंवा दुकानाचं भाडं. मांडव, खुर्च्या, भांडी आणली तर ‘हायर’. मराठीत या तिघांनाही आपण सरसकट ‘भाडं’ म्हणतो, त्यामुळे गडबड होते. रिक्षावाल्याला ‘व्हॉट इज द रेंट’ विचारणारा मुलगा मी स्वतः पाहिलाय. ‘प्राइस’ वस्तूची किंमत, ‘कॉस्ट’ आपल्याला पडलेला खर्च, ‘रेट’ दर, ‘टोल’ रस्त्याचा, ‘फाइन’ दंड. दंडाला ‘चार्ज’ म्हणू नका. वाचनालयाचं पुस्तक उशिरा दिलं तर ‘लेट फी’ किंवा ‘फाइन’.

आपण मराठीत सहज ‘किती घेणार?’ विचारतो, त्याचं सरळ इंग्रजी ‘हाउ मच डू यू चार्ज?’ शिंपी, सुतार, शिकवणीवाले, सगळ्यांना चालतं. ‘हाउ मच चार्जेस?’ हे मात्र मोडकं इंग्रजी आहे. अनेकवचनच वापरायचं असेल तर ‘व्हॉट आर युअर चार्जेस?’ म्हणा. जादा पैसे उकळले तर ‘ही ओव्हरचार्ज्ड मी’. ‘ही टूक मोअर चार्ज’ म्हटल्यास समोरचा समजून घेईल, पण कानाला खटकेल. फुकट असेल तर ‘फ्री ऑफ चार्ज’. मराठीत बोलताना फुकट, लिहिताना विनामूल्य.

शासकीय मराठीत पैशांच्या ‘चार्ज’ला एक नेमका शब्द आहे आणि तो तुमच्या घरात दर महिन्याला येतो. महावितरणचं बिल काढा. त्यावर ‘स्थिर आकार’ असतो, तो वीज वापरा न वापरा, द्यावाच लागतो. खाली ‘वीज आकार’, तो युनिटप्रमाणे. मग ‘वहन आकार’, म्हणजे वीज तारांमधून तुमच्या दारापर्यंत आणल्याचे पैसे. इंधनाचा खर्च वरखाली झाला तर ‘इंधन समायोजन आकार’. हे सगळे इंग्रजी बिलावर ‘चार्ज’ आहेत. त्यानंतर मात्र ‘वीज शुल्क’ येतं आणि इंग्रजीत ते ‘ड्यूटी’ होतं, कारण तो सरकारचा कर आहे. घरगुती ग्राहकाला १६ टक्के. त्याच कागदावर ‘मंजूर भार’ असंही लिहिलेलं असतं. तिथे भार म्हणजे ‘चार्ज’ नव्हे, ‘लोड’: घरातली किती उपकरणं एकावेळी चालवायला परवानगी आहे ते. एका कागदावर आकार, शुल्क आणि भार असे तिघे आणि तिघांचं इंग्रजी वेगळं! नव्या मुलांना मी पहिला धडा म्हणून हेच बिल भाषांतराला देते. ‘आकार’चं ‘शेप’ करणारा अजून कुणी भेटला नाही, पण यंत्राने केलेलं भाषांतर तसंच्या तसं उचलणाऱ्याचा तो दिवस दूर नाही.

हॉटेलच्या बिलातला ‘सर्व्हिस चार्ज’ आणि कर यांचीही अशीच गल्लत होते. जीएसटी सरकारचा, सर्व्हिस चार्ज हॉटेलचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैमध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलने तो आपोआप बिलात घालायचा नाही. म्हणून तो दिसला तर ‘प्लीज रिमूव्ह द सर्व्हिस चार्ज’ म्हणायला संकोच नको. ‘सर्व्हिस टॅक्स’ म्हणालात तर मॅनेजर तुम्हाला वेगळ्याच चर्चेत अडकवेल.

ठाणं आणि कोर्ट

इथे मराठीही इंग्रजीइतकीच काटेकोर आहे, पण आपणच तिचा काटेकोरपणा वापरत नाही. इंग्रजीत ‘ॲलिगेशन’, ‘ॲक्युजेशन’ आणि ‘चार्ज’ असे तीन वेगळे शब्द. मराठीत तिन्हींना ‘आरोप’. फरक क्रियापदात आहे. विरोधी पक्षनेत्याने आरोप केला: हे ‘ॲलेज्ड’. पोलिसांनी किंवा फिर्यादी पक्षाने आरोप ठेवला: हे ‘चार्ज्ड’. न्यायालयाने आरोप निश्चित केले: ‘फ्रेम्ड चार्जेस’. आरोप सिद्ध झाले, मग ‘कन्व्हिक्टेड’. करणे, ठेवणे, निश्चित करणे, सिद्ध होणे, या चार क्रियापदांवर नजर ठेवलीत तर कोर्टाची बातमी सहसा चुकणार नाही.

अव्ययं पाठच करा: ‘ॲक्यूज्ड ऑफ’, ‘चार्ज्ड विथ’, ‘कन्व्हिक्टेड ऑफ’. मधल्याच्या नशिबी तेवढा ‘विथ’. ‘चार्ज्ड ऑफ मर्डर’ असं लिहिलेलं मी चांगल्या चांगल्यांच्या प्रतीत पाहिलंय. नाम म्हणून वापरायचं असेल तर ‘ही वॉज अरेस्टेड ऑन अ चार्ज ऑफ मर्डर’, इथे ‘ऑफ’ बरोबर. घोळ बहुधा इथूनच सुरू होत असावा.

आता क्रम. तक्रार झाली, गुन्हा दाखल झाला. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रं याला ‘बुक्ड’ म्हणतात. तपास झाला, मग पोलीस न्यायालयात दोषारोपपत्र देतात, ती चार्जशीट. काही जण आरोपपत्र म्हणतात, तेही चालतं. आरोपी कोठडीत असेल आणि गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत ते दाखल झालं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होतंच, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. बातमीत ‘चार्जशीटेड’ असं क्रियापद दिसलं तर ते खास आपल्याकडचं इंग्रजी आहे हे ध्यानात असू द्या. लंडनच्या वाचकाला ते समजावून सांगावं लागेल.

अमेरिकन मालिका पाहून ‘आय वॉन्ट टु प्रेस चार्जेस’ म्हणायची हौस असते. आपल्याकडच्या ठाण्यात त्याचा उपयोग नाही. इथे म्हणायचं, मला तक्रार द्यायची आहे.

खुर्चीचा चार्ज

मला पहिल्याच महिन्यात पाडलं ते याने. बदली झाली की सरकारी कार्यालयात ‘चार्ज देणे’ आणि ‘चार्ज घेणे’ हा सोहळाच असतो: कपाटाच्या किल्ल्या, रजिस्टरं, शिक्के, साठ्याची यादी. मराठीत पदभार स्वीकारला, कार्यभार सोपवला. दुसऱ्याच्या खुर्चीचंही काम गळ्यात पडलं तर अतिरिक्त कार्यभार. कायम नेमणूक नाही, पण बसलाय, तर प्रभारी. कागदावर ‘पदभार’ आणि बोलताना ‘चार्ज’ हेच स्वाभाविक आहे. “साहेबांनी पदभार घेतला का हो?” असं शिपायाला कुणी विचारत नाही.

आता तो खड्डा. ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत ‘द’ एवढाच फरक दिसतो, पण त्याने मालक आणि नोकर यांची अदलाबदल होते. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन’ म्हणजे मुलांची जबाबदारी नर्सवर. ‘द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजे मुलं नर्सच्या ताब्यात. दोन्हींत नर्सच मोठी. पण दुसऱ्या वाक्यातून ‘द’ गाळलात तर मुलं नर्सला सांभाळू लागतात. आमच्याकडे आलेल्या एका अर्जात उमेदवाराने लिहिलं होतं की तो गेली दोन वर्षं ‘इन चार्ज ऑफ सीनियर मॅनेजर’ आहे. त्याला म्हणायचं होतं, मॅनेजरच्या हाताखाली. अशा वेळी ‘आय रिपोर्ट टु’ किंवा ‘आय वर्क अंडर’ म्हणावं आणि मोकळं व्हावं.

‘इनचार्ज’ हे नाम म्हणून वापरणं, जसं ‘वॉर्ड इनचार्ज’, ‘शिफ्ट इनचार्ज’, हे भारतीय इंग्रजी आहे. इथल्या कारखान्यात बिनधास्त वापरा. बाहेरच्या देशातल्या माणसाला पत्र लिहिताना ‘द पर्सन इन चार्ज’ लिहा. आणि कधी कथेत ‘द नॅनी अँड हर चार्जेस’ असं आलं तर बिल किंवा गुन्हे शोधू नका. ती आया आणि तिने सांभाळायची मुलं आहेत.

फोन, बॅटरी, रिचार्ज

अर्थ सगळ्यांना माहीत, म्हणून फक्त बोलण्याची तऱ्हा सांगते. आपण म्हणतो ‘चार्जिंग संपलं’ आणि इंग्रजीतही ‘माय चार्जिंग इज ओव्हर’ करतो. तिकडे म्हणतात ‘माय फोन इज डेड’ किंवा ‘माय बॅटरी डाइड’. ‘कीप द मोबाइल इन चार्जिंग’ऐवजी ‘प्लग इट इन’. ब्रिटिश लोक ‘पुट इट ऑन चार्ज’ही म्हणतात.

‘रिचार्ज’ने परदेशी गेलेल्यांची गंमत होते. आपल्याकडे रिचार्ज मारणे म्हणजे प्रीपेडचे पैसे भरणे. लंडनमध्ये ‘व्हेअर कॅन आय रिचार्ज माय फोन’ विचारलंत तर समोरचा भिंतीतलं सॉकेट दाखवेल. त्याला ‘टॉप अप’ म्हणा. आणि गावाकडे बोअर रिचार्ज किंवा विहीर रिचार्ज म्हणतात, त्याचं छान मराठी आहे: पुनर्भरण.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी थोडं. विजेच्या भाराला धन आणि ऋण अशी नावं बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ च्या सुमारास रूढ केली. फोनच्या खोक्यावर ५००० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, लिहिलेलं असतं, ते मोजमाप चार्जचंच. ५ अँपिअर एक तासभर, म्हणजे ३६०० सेकंद, अर्थात १८,००० कूलोम. गाडीवर किती माल लादलाय त्याचाच हा आकडा. भाषांतरात मात्र ‘चार्जर’ला प्रभारक वगैरे करायला जाऊ नका. चार्जर तो चार्जरच.

अंगावर येणारा

‘चार्ज’चा हा अर्थ भार सोडून गेल्यासारखा वाटतो, पण सगळं वजन टाकून कुणीतरी तुमच्याकडे झेपावतंय असं चित्र डोळ्यांसमोर आणा, म्हणजे लक्षात राहील. ‘अटॅक’पेक्षा हा वेगळा. ‘अटॅक’ लांबून, शब्दांनी, रात्री लपूनही होतो. ‘चार्ज’ला समोरासमोर धावावं लागतं. २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर गेले, त्याला इंग्रजीत ‘चार्ज’च म्हणावं लागेल, ‘अटॅक’ पुळचट पडेल. मराठीत मात्र ‘हल्ला केला’वर भागवू नये. तुटून पडले, चाल करून गेले, मुसंडी मारली, असे भरपूर शब्द आपल्याकडे आहेत.

जनावरांचंही तसंच. राधानगरीच्या जंगलात गवा ‘चार्ज’ करतो म्हणजे अंगावर येतो. हत्ती कधी कधी थोडं धावून थांबतो, नुसतं भेडसावतो, त्याला ‘मॉक चार्ज’ म्हणतात. मी ‘हुलकावणीची चाल’ असं करते. क्रिकेटमध्ये फलंदाज ‘चार्जेस डाउन द विकेट’, म्हणजे क्रीज सोडून पुढे सरसावतो.

‘लाठीचार्ज’ हा मूळचा भारतीय इंग्रजी शब्द, आणि त्यात आपली लाठी आहे. मराठीत लाठीमार किंवा लाठीहल्ला. पोलीस पत्रकात ‘माइल्ड’ असतो, बातमीत ‘सौम्य लाठीमार’ होतो. ज्याच्या पाठीवर बसला त्याने तो शब्द वापरल्याचं ऐकिवात नाही.

जमिनीवरचा बोजा आणि ‘भारित’ खर्च

हा भाग सगळ्यांना लागणार नाही, पण बँकेत, तलाठी कार्यालयात किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात पडलात तर नक्की लागेल.

कर्ज काढलं की सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचं किंवा बँकेचं नाव आणि रक्कम येते. त्याला गावात ‘बोजा चढवला’ म्हणतात. कर्ज फिटलं की ‘बोजा उतरवायचा’ असतो. हा बोजा म्हणजेच इंग्रजीतला ‘चार्ज’. कायद्यात त्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०० मध्ये आहे. बोजा चढवण्याचे आणि कमी करण्याचे अर्ज आता ई-हक्क प्रणालीवर करता येतात. जमीन विकत घेताना इंग्रजी कागदावर ‘फ्री फ्रॉम ऑल चार्जेस’ असं वाचलंत, तर फुकट मिळतेय असं समजू नका. निर्बोज आहे एवढाच त्याचा अर्थ. ‘फ्री ऑफ चार्ज’ आणि ‘फ्री फ्रॉम चार्जेस’ यांतला फरक लाखात मोजावा लागतो.

अर्थसंकल्पात खर्चाचे दोन प्रकार छापलेले दिसतात: दत्तमत आणि भारित. दत्तमत म्हणजे सभागृहाने मतदानाने मंजूर करायचा. भारित म्हणजे इंग्रजीतला ‘चार्ज्ड’, थेट एकत्रित निधीवर टाकलेला. त्यावर चर्चा होते, मतदान होत नाही. राज्यात राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, सरकारी कर्जाचं व्याज यात येतं. राज्यघटनेचं कलम २०२ त्यासाठी वाचावं. इथे ‘चार्ज्ड’चं ‘आकारलेला’ केलंत तर परीक्षक कपाळाला हात लावेल.

भार उतरवला की

‘डिस्चार्ज’ वेगळा पाठ करायची गरज नाही, ओझं उतरवून बघा. रुग्णालयातून डिस्चार्ज, म्हणजे घरी सोडलं. खडकवासल्यातून मुठेत डिस्चार्ज, म्हणजे विसर्ग. तो क्युसेकमध्ये मोजतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. कोर्टात खटला सुरू होण्याआधीच पुरेसा आधार नाही म्हणून ‘डिस्चार्ज’, तर दोषमुक्त. खटला पूर्ण चालून सुटला तर तो ‘ॲक्विटल’, निर्दोष मुक्तता. या दोन शब्दांची बातमीत अदलाबदल झाली तर दुसऱ्या दिवशी वकिलाचा फोन येतो.

उच्चाराबद्दल एक सूचना इथेच उरकते. च ‘चहा’तला, ‘चाक’मधला नव्हे. शेवटचा ज ‘राजा’तला, ‘जाड’मधला नव्हे. आपल्याकडे दोन-दोन च आणि ज असल्यामुळे हा घोळ होतो.

आता हात चालवून बघा

मी नव्या मुलांना हा उतारा देते. माझाच रचलेला आहे, माणसं-संस्था खऱ्या नाहीत.

‘द प्रिन्सिपल, हू ऑल्सो हॅज ॲडिशनल चार्ज ऑफ द हॉस्टेल, हॅज बीन चार्ज्ड विथ चीटिंग. पेरेंट्स से दे वेअर चार्ज्ड ट्वाइस फॉर मील्स. आउटसाइड द गेट द ॲटमॉस्फिअर वॉज चार्ज्ड. व्हेन सम यूथ्स चार्ज्ड ॲट द वॉचमन, द कॉन्स्टेबल इन चार्ज कॉल्ड फॉर हेल्प.’

आधी प्रत्येक ‘चार्ज’खाली रेघ मारा. पाच ‘चार्ज’ आणि शेवटी एक ‘इन चार्ज’. मग दर रेघेखाली लिहा, कुणावर काय. मुख्याध्यापकांवर वसतिगृह. मुख्याध्यापकांवर गुन्हा. पालकांवर पैसे. वातावरणावर ताण. रखवालदारावर पोरं. हवालदारावर बंदोबस्त. आता इंग्रजी झाकून ठेवा आणि शेजारच्या काकूंना सांगताय असं समजून मराठीत लिहा:

‘वसतिगृहाचाही अतिरिक्त कार्यभार सांभाळणाऱ्या मुख्याध्यापकांवर फसवणुकीचा आरोप ठेवण्यात आला आहे. जेवणाचे पैसे आपल्याकडून दोनदा घेतले, असं पालकांचं म्हणणं आहे. फाटकाबाहेर वातावरण तापलं होतं. काही तरुण रखवालदाराच्या अंगावर धावून गेले, तेव्हा बंदोबस्तावरच्या हवालदाराने मदत मागवली.’

मराठीत एकदाही ‘चार्ज’ आला नाही. ‘भारलेलं’ऐवजी मी ‘तापलं’ घेतलं, कारण भारलेलं वातावरण गाण्याच्या मैफलीत असतं, फाटकाबाहेरच्या गर्दीत नाही. ‘आरोप ठेवण्यात आला’ मुद्दाम ठेवलं. ‘आरोप केला’ लिहिलं असतं तर तो नुसता पालकांचा संताप झाला असता.

दहातली सहा-सात मुलं मात्र चुकतात ती ‘चार्ज’वर नव्हे, शेजारच्या ‘ट्वाइस’वर. ती लिहितात, ‘दुप्पट पैसे घेतले’. दुप्पट म्हणजे ‘चार्ज्ड डबल’: एकदाच, पण दोनपट रक्कम. ‘चार्ज्ड ट्वाइस’ म्हणजे तेवढेच पैसे, दोन वेळा. पावत्या एक की दोन, तेवढं पालकांना विचारा.